मदत हवी आहे: गुडघ्याची ड्रॉवर पॉझिटिव्ह, लॅकमन निगेटिव्ह. नक्की काय समजायचं?

खारूताई
फिजिओची इंटर्न आहे. एका पेशंटच्या ड्रॉवर टेस्टला (गुडघा ९० अंशात वाकवून नडगी पुढे ओढायची) नडगी चांगली पुढे येते, लॅकमनला (तीच ओढ, गुडघा थोडासाच वाकवून) मात्र खटकन अडते. एसीएलसाठी (नडगीला पुढे सरकू न देणारा लिगामेंट) लॅकमन जास्त भरवशाची असं शिकलोय, मग हे उलटं कसं? मॅकमरे (मेनिस्कसची, म्हणजे गुडघ्यातल्या कूर्चेच्या गादीची टेस्ट) निगेटिव्ह. उद्या सरांपुढे केस मांडायची आहे, प्लीज लवकर सांगा.

हाडांचा_हिशेब
लागलं कधी, कसं? सूज तासा-दोन तासांत आली की दुसऱ्या दिवशी? दुसऱ्या पायाशी ताडून पाहिलंत? टेस्टची नावं आहेत, पेशंट कुठाय यात?

सरळमार्गी
एमआरआय काढा आणि मोकळ्या व्हा. हाताने ओढाओढी करायचे दिवस गेले.

पांढरा_कोट
@सरळमार्गी, तपासल्याशिवाय एमआरआय मागवला तर रिपोर्टमधलं नेमकं काय खरं मानणार? चाळिशीनंतर गुडघा दुखत नसलेल्यांच्याही मेनिस्कसमध्ये फाटलेलं दिसतं. आणि पीसीएलची (नडगीला मागे जाऊ न देणारा लिगामेंट) जुनी इजा भरून आली की तो एमआरआयवर अखंड दिसू शकतो, गुडघा ढिला असला तरी.

सरळमार्गी
हो, पण इंटर्नच्या हातापेक्षा मशीन बरं की नाही?

खारूताई
भांडू नका ना. तीन-एक आठवडे झालेत. सूज बरीच उतरलीय. एक्स-रे नॉर्मल म्हणे, मी फिल्म पाहिलेली नाही.

नियमाने_चाला
ओटावा नियम लावलेत का? वय ५५ किंवा जास्त, फक्त वाटीवर दुखणं, फिब्युलाच्या (नडगीशेजारचं बारीक हाड) डोक्यावर दुखणं, ९० अंश वाकत नाही, चार पावलं टाकता येत नाहीत. यातलं एक जरी असलं तरी एक्स-रे.

हाडांचा_हिशेब
ते ताज्या इजेसाठी हो. इथे एक्स-रे निघालाय, पेशंट चालत आलाय. खारूताई, "कसं लागलं" राहिलंच.

टकटक
माझा गुडघा जिने चढताना कटकट वाजतो, दुखत नाही. काही करावं लागेल का?

पांढरा_कोट
दुखत नाही, सुजत नाही, अडकत नाही, तर वाजू द्या. पुढचं वेगळ्या धाग्यावर.

खारूताई
बाइकवरून पडला, वाकलेला गुडघा थेट जमिनीवर आपटला. त्याने काय फरक पडतो? ढिला आहे हे तर दिसतंय.

हाडांचा_हिशेब
सगळा फरक त्यानेच पडतो! वाकलेल्या गुडघ्यावर समोरून आपटलं की नडगी मागे ढकलली जाते, म्हणजे पहिला संशय पीसीएलवर. तो तुटला की ९० अंशात नडगी आधीच मागे लोंबलेली असते. तुम्ही ओढता तेव्हा ती पुढे जात नाही, जागेवर परत येते. लॅकमन २०-३० अंशात करतो, तिथे लोंबणं कमी. शिवाय एसीएल शाबूत, म्हणून शेवटी खटकन अडते. दोन्ही गुडघे ९० अंशात ठेवा आणि हात न लावता बाजूने, डोळ्यांच्या पातळीवरून बघा.

खारूताई
आत्ताच वॉर्डात जाऊन आले. दुखऱ्या बाजूला वाटीखाली नडगीचा उंचवटा आत गेल्यासारखा दिसतोय! दुसरीकडे नीट पुढे आहे. मग पीसीएल म्हणून मांडू?

पांढरा_कोट
एवढ्यावर नको. पोस्टिरिअर ड्रॉवर करा, म्हणजे नडगी मागे ढकलून बघा. मग पालथं झोपवून डायल टेस्ट (पाऊल बाहेर वळवून बघायचं), गुडघा ३० आणि ९० अंशात. पाऊल फक्त ३० ला जास्त बाहेर वळलं तर गुडघ्याच्या मागच्या-बाहेरच्या कोपऱ्याला इजा, ३० आणि ९० दोन्हीला वळलं तर सोबत पीसीएलही. पायाच्या नाड्या बघा, पाऊल वर उचलता येतं का बघा. एक्स-रे स्वतः पाहा, बाजूच्या फिल्मवर नडगीच्या मागच्या कडेला हाडाचा टवका निघालेला असू शकतो.

हाडांचा_हिशेब
आणि एसीएल समजून कुणी हॅमस्ट्रिंगचे (मांडीमागचे स्नायू) व्यायाम लावले असतील तर आधी थांबवा. ते स्नायू नडगी आणखी मागे ओढतात. सध्या क्वाड्रिसेप्सवर, मांडीच्या पुढच्या स्नायूंवर भर.

खारूताई
फाइलमध्ये हॅमस्ट्रिंग कर्ल लिहिलेत. सिस्टरना सांगून थांबवायला लावते, सरांना फोन करते. डायल सकाळी राउंडच्या आधी.