सोबतीने चाललेली वाट: तुमचे अनुभव लिहा

वारी, परिक्रमा किंवा कुठलीही लांबची पदयात्रा करून आलेल्या माणसाला लोक दोनच गोष्टी विचारतात: किती किलोमीटर आणि किती दिवस. मला नेहमी तिसरंच विचारावंसं वाटतं. सोबत कोण होतं? वर्षानुवर्षं ओळखीतलं माणूस चालायला लागलं की नव्याने कळतं. त्याचा वेग, त्याचं गप्प बसणं, दुखतंय हे सांगायची किंवा लपवायची त्याची रीत, हे घरच्या गप्पांत कुठे दिसतं? या धाग्यावर त्याच सोबतीबद्दल लिहा. मोठं लिहा, चार ओळी लिहा, पण स्वतःचं लिहा. सुरुवात मी करते.

मी माउलींच्या पालखीबरोबर जाते, शाळेपासूनच्या मैत्रिणीसोबत. आळंदी ते पंढरपूर साधारण अडीचशे किलोमीटर. त्यातला पुणे ते सासवड हा टप्पा सगळ्यात दमवणारा. एकादशीचा उपास असतो, मजल मोठी आणि वर दिवे घाट. ती झपझप चालणारी, मी रमतगमत. पहिल्या वर्षी ती माझ्यासाठी वेग कमी करत राहिली आणि हडपसरच्या पुढे तिचेच पाय भरून आले. आपल्या चालीपेक्षा हळू चालणं किती दमवतं ते मला तेव्हा कळलं. मग ठरवलं, ज्याने त्याने आपल्या पायाने चालायचं आणि विसाव्याला भेटायचं. मी पोचेपर्यंत तिने माझी बाटली टँकरवरून भरून ठेवलेली असते आणि स्वतःच्या पिशवीने माझी जागा धरलेली असते. दिवसभर आम्ही एकमेकींना दिसतही नाही. तरी मी एकटी चालतेय असं मला एकदाही वाटलेलं नाही.

सासवडच्या तंबूत तिने माझ्या टाचेचा फोड पाहिला. सुई मेणबत्तीवर धरली, दोरा ओवला, फोडाच्या आरपार काढला आणि दोन्हीकडे टोकं राखून कापला. दोरा आत राहिला की पाणी झिरपत राहतं, असं तिची आजी सांगायची. आजी जन्मभराची वारकरी. सकाळी मी चालू शकले. आता तुम्ही लिहा.

*काटेवाडीहून*

मी स्वतः पंढरपूरपर्यंत चाललेलो नाही. पण तुकोबारायांची पालखी बारामतीहून सणसरला जाताना आमच्याकडे विसावते, तेव्हा एक दिंडी आमच्या अंगणात जेवायला असते. आमच्या गावात परीट समाज पालखीखाली धोतरांच्या पायघड्या घालतो आणि मेंढ्यांचं रिंगण होतं. मेंढ्या पालखीभोवती पळायला लागल्या की लहान पोरं खांद्यावर चढून बसतात.

त्या दिंडीत परभणीकडचे एक शेतकरी येतात. पहिल्यांदा आले तेव्हा वडिलांशी सोयाबीनवर बोलले. पुढच्या वर्षी माझ्याशी. मग दर वर्षी जेवण झालं की मी त्यांच्यासोबत निघायला लागलो, इंदापूरपर्यंत. त्यांचा पाऊस आणि आमचा कालवा यावर बोलणं सुरू होतं ते मुक्कामापर्यंत चालतं. 2020 आणि 2021 साली पादुका एसटीने गेल्या, रस्ता मोकळा होता. त्या दोन्ही वर्षी पालखीच्या दिवशी त्यांचा फोन आला. म्हणाले, "तुमच्या अंगणात मी आज मनाने जेवलो, आईला सांगा." आईने त्या दिवशीही पिठलं-भाकरी जास्तीची केली होती. ती शेजारी वाटली.

*साताऱ्याहून*

माउलींच्या पालखीच्या मुक्कामी होणाऱ्या समाज आरतीबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. तळावर सगळ्या दिंड्या पालखीभोवती गोल उभ्या राहतात, टाळ-मृदंगाने कान भरून जातात. चोपदार दंड वर करतात आणि एका क्षणात सगळं शांत. हजारो माणसं, आणि कुणी खोकतही नाही. ज्या दिंडीची तक्रार असेल तिचे टाळ मात्र वाजत राहतात. मग चोपदार तिथे जातात, ऐकून घेतात, तोडगा काढतात. हरवलं-सापडलंही तिथेच पुकारतात.

माझ्या मित्राचा चष्मा लोणंदच्या अलीकडे पडला. जाड भिंगाचा, त्याशिवाय त्याला समोरचा माणूस ओळखू येत नाही. दोन मजला तो माझ्या खांद्यावर हात ठेवून चालला. आमची मैत्री तोवर ऑफिसातली, चहापुरती. त्या दोन मजलांत मी त्याला रस्ता सांगत होतो: "खड्डा आहे, डावीकडे बैलगाडी, पुढे आजी बसल्यात." तो म्हणाला, लहानपणी त्याच्या अंध काकांना तो असाच शेतात न्यायचा. एवढ्या वर्षांत त्याने हे कधी बोलून दाखवलं नव्हतं. चष्मा समाज आरतीत पुकारला गेला. बीडकडच्या एका बाईंनी तो पदराच्या गाठीत बांधून ठेवला होता.

*खामगावहून*

थोडक्यात लिहितो. शेगावहून गजानन महाराजांची पालखी पंढरपूरला पायी जाते आणि पायीच परत येते. परतीचा खामगाव ते शेगाव हा शेवटचा टप्पा आमच्या भागातली हजारो माणसं पालखीसोबत चालतात. मी आणि माझा वर्गमित्र दर वर्षी पहाटे निघतो. वर्षभर आमचं बोलणं नसतं. तो दुबईत, मी इथे दुकानात. पण सुट्टी तो त्याच दिवसांची घेतो. वाटेत जागोजागी लोक चहा-फराळ घेऊन उभे असतात, आणि त्याला केळं दिलं की तो अजूनही अर्धं मला देतो.

*इंदूरहून*

आम्ही दोघं नर्मदा परिक्रमा चाललो. मैया कायम उजव्या हाताला ठेवायची, पात्र ओलांडायचं नाही, हा नियम. ओंकारेश्वरहून दक्षिण तटाने निघालो. शूलपाणीच्या झाडीत मित्राला ताप भरला. पलीकडच्या तटावरचं गाव दिसत होतं, तिथे दवाखाना आहे असं लोक सांगत होते, पण ओलांडलं की परिक्रमा खंडित. मी त्याला म्हणालो, जीव मोठा, जाऊ. तो ऐकेना. एका भिल्ल कुटुंबाने त्यांच्या ओसरीवर जागा दिली. मका भरडून पेज केली. घरातली म्हातारी रात्री दोनदा उठून त्याच्या कपाळाला हात लावून बघायची. तिसऱ्या दिवशी अलीकडच्याच तटावर औषध मिळालं आणि ताप उतरला.

त्या ओसरीवर आमचं भांडण झालं, तेही लिहितो. त्याचं म्हणणं, नियम मोडला तर चाललो कशाला. माझं म्हणणं, तुझ्या बायकोला मी काय तोंड दाखवू. दोघंही आपापल्या जागी खरे होतो, असं मला आजही वाटतं. दुसऱ्या दिवसापासून बोलणं फक्त "नर्मदे हर" एवढंच. कठपोरला समुद्रावर होडीसाठी थांबावं लागतं, होडी भरतीवर सुटते. रात्री तिथे वाळूत बसलो असताना तो आपणहून म्हणाला, "पुन्हा कुणाला ताप आला तर जो शुद्धीवर असेल त्याचं ऐकायचं." हा करार आम्ही अमरकंटकला वळसा घालून परत ओंकारेश्वरी कढई, म्हणजे सांगतेचा प्रसाद, करेपर्यंत पाळला. गरुडेश्वरला टेंब्ये स्वामींच्या समाधीपाशी कितीतरी दिवसांनी आजूबाजूला मराठी कानावर पडलं, तेव्हा तो लहान मुलासारखा रडला.

*म्युनिकहून*

आमची वाट स्पेनमधली, सांतियागोच्या चर्चपर्यंत जाणारी ख्रिस्ती पदयात्रा. पोलंडची माझी सहकारी कॅथलिक आहे, मी वारकऱ्याच्या घरातली. सारियापासून निघालो, कारण यात्रा केल्याच्या प्रमाणपत्रासाठी चालत किमान शंभर किलोमीटर लागतात आणि आमची रजा तेवढीच होती. दगडांवर पिवळे बाण, पाठीच्या पिशव्यांना शिंपले, आणि भेटेल तो "बुएन कामिनो", म्हणजे वाट शुभ होवो, असं म्हणतो. मी तिला सांगितलं, आमच्याकडे भेटेल त्याला "माउली" म्हणतात, आणि माउली म्हणजे आई. ती थांबली. तिची आई त्याच वर्षी गेली होती. पुढे वाटेत ती मला त्याच नावाने हाक मारत होती, आणि माझ्या आजोबांच्या हरिपाठातल्या आठवतील तेवढ्या ओळी मी तिला म्हणून दाखवल्या. सांतियागोच्या चर्चमध्ये तिने माझ्या आजोबांसाठीही मेणबत्ती लावली. यंदा ती आषाढीला येणार म्हणतेय.

*पुण्याहून*

मी परिचारिका आहे, वारीच्या वाटेवर मदत केंद्रात काम करते. वर फोडात दोरा ठेवण्याबद्दल लिहिलंय. प्रेमाने केलेलं आहे, पण ज्यांना मधुमेह आहे त्यांनी हे मुळीच करू नका. पायाची संवेदना कमी झालेली असते, जखम चिघळते आणि कळतही नाही. दोऱ्यावाटे जंतू आत जातात, म्हणून धडधाकट माणसानेही फोड न फोडता स्वच्छ पट्टी लावलेली बरी. सोबत्याने रोज रात्री एकमेकांचे तळवे बॅटरी लावून बघावेत. आपला तळवा आपल्याला नीट दिसत नाही. केंद्रावर येणाऱ्यांतले कितीतरी सोबत्याने ओढून आणलेले असतात, आणि त्या ओढून आणणाऱ्यांचे मी मनापासून आभार मानते.

*नाशिकहून*

यंदा मी आणि माझी जाऊ पहिल्यांदा निघणार आहोत. आमची ओळख स्वयंपाकघरापुरतीच. दोघींना एका दिंडीत जागा मिळेल का? आणि सोबत काय घ्यावं?

*धागा सुरू करणारी*

ताई, नक्की मिळेल. दिंडीप्रमुखांना आत्ताच फोन करून दोघींची नावं एकत्र द्या, भिशी, म्हणजे दिंडीची वर्गणी, किती आणि त्यात काय काय येतं ते विचारून घ्या. राहुटीत शेजारची जागा मागा. चपला नव्या नकोत, महिनाभर वापरलेल्या हव्यात. पावसाला मोठा प्लास्टिकचा कागद, कारण तो अंगावरही घेता येतो आणि खाली अंथरताही येतो. पाण्याची बाटली प्रत्येकीची वेगळी. तुमच्या जाऊबाईंना औषधं चालू असतील तर त्यांची यादी तुमच्याकडे आणि तुमची त्यांच्याकडे, दोन्ही पिशव्यांत. विसाव्याची ठिकाणं रोज सकाळी दिंडीत सांगतात, ती दोघींनी ऐका. गर्दीत फोन लागत नाही. निघायच्या आधी आठवडाभर संध्याकाळी दोघी मिळून चालून बघा, म्हणजे कोण पुढे राहणार ते कळेल. आणि परत आल्यावर इथे लिहा, जाऊबाईंनाही लिहायला सांगा.