मदत हवी आहे: पल्पेक्टॉमी झालेली ७५ नंबरची दुधाची दाढ ठेवावी की काढावी?

पेशंट ५ वर्षांचा मुलगा, हृदय निरोगी. खालच्या डाव्या दुसऱ्या दुधाच्या दाढेची (७५) पल्पेक्टॉमी (मुळांतली नस काढून कॅनाल म्हणजे मुळांतल्या नलिका भरणं) झाली आहे: १ टक्का सोडियम हायपोक्लोराइट, मुळाच्या टोकाच्या १ मिमी अलीकडेपर्यंत फाइलिंग, भरायला मेटापेक्स पेस्ट, वर स्टीलचा क्राउन. ६ महिन्यांनंतरच्या तपासणीत दुखणं काहीच नाही, पण गालाच्या बाजूला हिरडीवर पुटकुळी आहे, दाबली की पू येतो.

एक्स-रेमध्ये मागच्या मुळातला मेटापेक्स अर्धा विरघळला आहे. हे पेस्ट मुळापेक्षा लवकर झिजतं, त्यामुळे नुसत्या रिकाम्या कॅनालची मला धास्ती नाही. खरी काळजी दोन मुळांमधल्या काळ्या भागाची, म्हणजे तिथलं हाड झिजल्याची. दाढेच्या तळाला बारीक उपनलिका असतात, संसर्ग तिथूनच हाडात उतरतो. खाली ३५ चा (७५ च्या जागी येणाऱ्या कायमच्या दाताचा) कोंब आहे आणि त्याच्या हाडाच्या कवचाची वरची रेषा एका जागी पुसट दिसतेय. अजून एक, मागच्या मुळाची आतली भिंतही पोखरल्यासारखी वाटते.

क्राउन काढून तीन अँटिबायोटिकांची पेस्ट (मिनोसायक्लिनऐवजी क्लिंडामायसिन) भरून बघावी का? कोंबाची रेषा पुसट असताना थांबणं मला पटत नाही, माझा कल काढण्याकडेच आहे. पण ३६ (७५ च्या मागची पहिली कायमची दाढ) अजून हिरडीखाली आहे. जागा धरली नाही तर ती पुढे सरकून ३५ ची वाट अडवेल.

म्हणून ७४ वर (७५ च्या पुढची दुधाची दाढ) डिस्टल शू, म्हणजे हिरडीत पट्टी घालून ३६ ला पुढे सरकू न देणारं जागा राखायचं साधन, द्यायचा विचार आहे. पट्टीचं टोक ३६ च्या पुढच्या कडेखाली साधारण १ मिमी हवं. पू असलेल्या जागी ती त्याच दिवशी बसवता, की जखम भरू देता? थांबलात तर पुन्हा छेद घ्यावा लागतो, त्याला ५ वर्षांचं मूल कसं तयार होतं?