मदत हवी आहे : पदकांवरून छायाचित्राचा काळ कसा ठरवावा?

माझ्या संग्रहातील एका छायाचित्रात नागरी पोशाखातील वृद्ध प्रशियन सैनिकाच्या लांब कोटावर एका ओळीत तीन पदके आहेत: १८७० चा दुसऱ्या वर्गाचा आयर्न क्रॉस (प्रशियाचे शौर्यपदक), लढायांच्या नावांच्या पट्ट्या असलेले १८७०-७१ च्या फ्रान्सविरुद्धच्या युद्धाचे पदक आणि जर्मन सम्राट पहिला विल्हेल्म यांच्या जन्मशताब्दीचे १८९७ चे पदक. म्हणजे छायाचित्र १८९७ पूर्वीचे नाही, एवढे नक्की. मागील बाजू कोरी आहे. त्या पट्ट्या आणि आयर्न क्रॉसच्या फितीवरची ‘२५’ आकड्याची ओकची पाने (युद्धाला २५ वर्षे झाल्याची खूण) या दोन्हींची सुरुवात १८९५ मधली, तरीही येथे पट्ट्या आहेत आणि पाने नाहीत. भिंगातून पाहिले, फीत स्पष्ट दिसते. पट्ट्या लावून पाने न लावण्याची उदाहरणे कोणी पाहिली आहेत का, आणि नागरी कोटावर पूर्ण पदके केवळ माजी सैनिक संघांच्या समारंभांतच लावत असत का?