खेकडे खात नाहीत, खाद्यात काय चुकतंय? लवकर सांगा

निफाडकर७
सिमेंटची टाकी आहे, दीडशे खेकडे सोडलेत. रोज दोन किलो खाद्य टाकतो. दुसऱ्या दिवशी बघावं तर निम्मं तसंच पडलेलं, वर पाण्याला वास. चार दिवसांत नऊ मेले, कित्येकांचे नांगे तुटलेत. एक व्हिडिओवाला म्हणतो दिवसातून दोनदा टाका, दुसरा म्हणतो एकाआड एक दिवस. खरं काय? उद्या पहाटे खाद्य आणायला निघायचंय.

खाडीवाला
गोडे की खारे? वजन किती? खाद्य कसलं? किती वाजता टाकता? काहीच लिहिलं नाहीत राव.

निफाडकर७
खारं पाणी निफाडला कुठून आणू! आपले काळे खेकडे, इगतपुरीकडून आणलेले. साधारण ६० ग्रॅमचे. खाद्य म्हणजे कोंबडीची आतडी, दुसरं काय. सकाळी दहाला, दुकानातून आलो की टाकतो.

खाडीवाला
६० गुणिले १५० म्हणजे नऊ किलो खेकडे. त्यांना रोज दोन किलो? आम्ही पालघरला चिंबोऱ्यांना वजनाच्या ५ ते ८ टक्के मासळी देतो, त्यातली जास्त संध्याकाळी. तुमचं साडेचारशे ग्रॅमवर भागेल. आणि दहा वाजता खेकडा दगडाखाली झोपलेला असतो. तो बाहेर येईपर्यंत आतडी सडतात.

ओढ्याकाठचा
खाडीचं गणित इथे लावू नका. ओढ्यात त्याला आतडी कोण आणून देतं? कुजका पाला, शेवाळ, गोगलगाय, गांडूळ, मिळेल ते खातो. सोयाबीन पेंड भिजवून गोळे करा, झंझटच नाही.

खाडीवाला
नुसत्या पेंडीवर एकमेकांनाच खातील.

ओढ्याकाठचा
आतडी खाऊनही खातच आहेत ना?

गावरान_अनुदान
शेततळं केलंय का? त्याला अनुदान मिळतं, अर्ज ऑनलाइन भरा.

माईंचं_स्वयंपाकघर
नांगे तुटलेले वेगळे काढा. कुटून, गाळून त्या पाण्यात काळा मसाला घातला की रस्सा असा होतो म्हणता!

सिन्नरचा_मास्तर
रस्सा नंतर. भाऊ, मेलेले नऊ हातात घेऊन पाहिलेत का? हलके, आतून पोकळ, पाठीची ढाल मागून डबीच्या झाकणासारखी उचललेली, असं काही?

निफाडकर७
सहा तसेच होते. तीन जड होते, वास मारत होते. सगळे उकिरड्यावर टाकले.

सिन्नरचा_मास्तर
म्हणजे मेले तीनच. बाकी सहा ही कात! खेकडा कात टाकायच्या आधी-नंतर काही दिवस खातच नाही, म्हणून खाद्य उरतं. त्यात तुम्ही आणखी ओतता. कात टाकलेला खेकडा लोण्यासारखा मऊ असतो, बाकीचे त्यालाच फाडतात. फुटकी कौलं, पाइपाचे तुकडे, मडकी टाका, त्याला लपायला जागा हवी. कात फेकू नका, खायला लागला की तो ती स्वतःच खातो, नव्या कवचाचा चुना त्यातूनही मिळतो. तुटलेला नांगा पुढच्या कातींत परत येतो. खाद्य रोज एकदाच, दिवेलागणीला, ताटलीत. सकाळी उरलेलं काढा आणि त्या मानाने दुसऱ्या दिवशी कमी करा.

निफाडकर७
बरं. पण मग ते तीन का मेले?

सिन्नरचा_मास्तर
पाणी कुठलं?

निफाडकर७
विहिरीचंच. बागेतल्या ड्रममध्ये भरून आणतो.

ओढ्याकाठचा
बाग द्राक्षाची? छाटणी झाली का?

निफाडकर७
झाली की. बुरशीवर बोर्डो फवारतोय सध्या. त्याचा इथे काय संबंध?

ओढ्याकाठचा
बोर्डोत मोरचूद असतं, म्हणजे तांब्याचा क्षार. थोडं तांबं पाण्यात उतरलं तरी खेकड्याचे कल्ले बिघडतात. कीटकनाशक तर त्याहून वाईट, किडा काय अन् खेकडा काय, जात जवळचीच. फवारा टाकीवर उडतो का? आणि ड्रम कुठला?

निफाडकर७
ड्रम फवारणीचाच आहे. पण धुतो ना मी दर वेळी.

खाडीवाला
🤦 आधी पाणी बदला. नवा ड्रम घ्या. दोन दिवस खाद्य बंद. ओढ्याकाठच्या भाऊंचं हे मात्र बरोबर.

माईंचं_स्वयंपाकघर
अगंबाई! त्या टाकीतल्यांचा रस्सा नका करू हं. मघाचं विसरा.