बर्मिंगहॅमच्या ऑर्केस्ट्राचा नवा हंगाम: एकाच पत्रकात माहलर आणि सिनेमाची गाणी, पटतंय का?

मिडलँडकर

सिटी ऑफ बर्मिंगहॅम सिंफनी ऑर्केस्ट्रा, म्हणजे सीबीएसओ, हा आमच्या भागातला ऑर्केस्ट्रा. १९८० मध्ये पंचविशीतला कंडक्टर सायमन रॅटल इथे आला आणि १९९८ पर्यंत टिकला. एवढ्या काळात त्यानं लंडनवाल्यांना हेवा वाटावा असा वाद्यमेळ उभा केला. सध्या सूत्रं काझुकी यामादांकडे आहेत. पुढच्या हंगामाची तिकिटं काढायची वेळ आली की आमच्या घरात दरवर्षी वाद होतो. तो इथे आणतोय.

पत्रकात दोन दुनिया असतात. एकीकडे बीथोव्हन, ब्राम्स, माहलर असे पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतकार. दुसरीकडे सिनेमाचं संगीत, गाजलेली पॉप गाणी, नाताळाच्या मैफली. बायको आणि मुलगी दुसऱ्या बाजूच्या. माझा त्या गाण्यांना विरोध नाही. विरोध आहे तो मायक्रोफोनला.

ऑर्केस्ट्राचं घर असलेला सिंफनी हॉल १९९१ मध्ये उघडला. जवळून रेल्वेचा बोगदा जातो, म्हणून गाड्यांचा थरथराट आत पोचू नये यासाठी इमारत रबरावर तोललेली आहे. भिंतींमागे मोठाल्या पोकळ्या ठेवल्यात, त्यांची काँक्रीटची दारं उघडली की घुमारा वाढतो. हा सगळा खटाटोप कशासाठी? शेवटच्या रांगेतल्या माणसाला एका क्लॅरिनेटची हलकी फुंकरही विनामाईक ऐकू यावी म्हणून. आणि लोकप्रिय संध्याकाळी तिथे काय होतं? पुढे गायक, ड्रमसेट, बेस गिटार, दोन्ही बाजूंना स्पीकरचे मनोरे आणि मागे व्हायोलिनवाले पडद्यासारखे बसलेले. ते वाजवतायत की नुसते हात हलवतायत हे समोरून कळत नाही. पडद्यावर सिनेमा चालू असेल तर कंडक्टरच्या कानात लय दाखवणारी क्लिक आणि समोर छोटा स्क्रीन. लय त्याची नाही, वादकांचीही नाही, चित्रफितीची.

आपापसांत आवाज तोलणं ही ऑर्केस्ट्राची खरी विद्या. ते काम ध्वनीच्या मिक्सरवर बसलेला माणूस करणार असेल, तर सत्तर-ऐंशी माणसांना पगार कशाला द्यायचा? अशा मैफली कराव्यात, पण दुसऱ्या कुठल्या सभागृहात आणि हंगामाच्या पत्रकाबाहेर.

रसिका_ठाणे

पगार कशाला द्यायचा हे विचारण्याआधी तो कुठून द्यायचा हे सांगा. बर्मिंगहॅमच्या महापालिकेनं सप्टेंबर २०२३ मध्ये पैसे नाहीत म्हणून हात वर केले. मग या ऑर्केस्ट्राचं अनुदान २०२४-२५ ला निम्मं आणि २०२५-२६ ला शून्य. माहलरला ज्यादा वादक लागतात, दोन-तीन दिवस तालमी लागतात. सिनेसंगीताची संध्याकाळ बहुतेकदा त्याच दिवशी दुपारी एक तालीम करून उभी राहते. हिशेब तुम्हीच मांडा.

बेसूर_बापू

दुपारी तालीम, रात्री कार्यक्रम, पुढे गायक, मागे कोण वाजवतंय पत्ता नाही... अहो, हे तर आमच्या गणेशोत्सवातले ऑर्केस्ट्रे! लकी ड्रॉ असतो का शेवटी?

नाना_सदाशिव

मिडलँडकरांशी सहमत, पण मी आणखी पुढे जाईन. सिनेमाच्या संध्याकाळी आलेला माणूस नंतर ब्राम्सला येतो, ही आयोजकांची भाबडी आशा आहे. येत नाही. तो पुढच्या वर्षी पुन्हा सिनेमाच्याच संध्याकाळी येतो आणि आयोजक त्याची खुशामत करायला लागतात. एप्रिल २०२४ मध्ये तुमच्याच गावात, टाऊन हॉलमध्ये, सीबीएसओच्याच मैफलीत गायक इयन बॉस्ट्रिज यांना समोरच्या फोनमुळे गाणं मध्येच थांबवावं लागलं. वर त्यांना कळलं की श्रोत्यांना फोनवर चित्रीकरण करायला ऑर्केस्ट्राचीच मुभा होती. नवा श्रोता हवा म्हणून जुन्याला आणि गायकालाही पिडायचं, असा हा मामला.

रसिका_ठाणे

नाना, फोनचा मुद्दा वेगळा. तो तर टेनरच्या, म्हणजे उंच पट्टीच्या पुरुष गायकाच्या, अगदी सोवळ्या कार्यक्रमात घडला. सिनेसंगीताला कशाला मध्ये ओढता?

आणि लोक वळत नाहीत म्हणता? आपल्याकडे यमन, भीमपलास घराघरात कोणी पोचवले? ख्यालाच्या बैठकींनी की नाट्यपदांनी? तिकीट काढून नाटकाला आलेल्या माणसाच्या कानावर राग आपसूक पडले.

नाना_सदाशिव

नाट्यपदं गाणारे स्वतः तालमीत घासलेले गवई होते, आणि पदं त्यांच्या गळ्यासाठी बांधलेली. इथे लंडन नाहीतर लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित झालेली वस्तू जशीच्या तशी वाजवून दाखवतात. बालगंधर्वांच्या जागी त्यांची तबकडी लावण्यासारखं आहे हे.

मडगावचो

मिडलँडकर बाब, तुम्ही पत्रकाच्या दोन बाजू केल्या तिथेच माझं बिनसलं. मुंबईच्या स्टुडिओंत सिनेमाची गाणी वाजवणारे आमचे गोंयकार चर्चच्या शाळांत नोटेशन, म्हणजे पाश्चात्त्य स्वरलिपी, शिकलेले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस दिवसा सिनेमासाठी वाजवायचे, अरेंजिंग करायचे आणि डोक्यात राग व सिंफनीची सांगड घोळवायचे. १९५८ मध्ये त्यांनी मुंबईत इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला, त्यात लता मंगेशकर आणि मन्ना डे गायले. सेबॅस्टियन डिसोझांनी शंकर-जयकिशनसाठी लिहिलेले व्हायोलिनचे भाग नीट ऐका, मग सांगा ते कुठल्या कप्प्यात टाकायचे.

सीबीएसओचंच उदाहरण घ्या. जुलै २०२३ मध्ये लंडनच्या प्रॉम्स या उन्हाळी संगीत महोत्सवात लताबाईंच्या गाण्यांची अख्खी संध्याकाळ झाली, गायला पलक मुच्छल होती आणि साथीला हाच तुमचा बर्मिंगहॅमचा ऑर्केस्ट्रा. १९७४ मध्ये लताबाई स्वतः ज्या अल्बर्ट हॉलमध्ये गायल्या, तिथेच. हे पत्रकाबाहेर ठेवायचं म्हणता?

मिडलँडकर

मडगावचो, ती संध्याकाळ माझ्याच बाजूची आहे. डिसोझांसारख्यांनी लिहिलेले व्हायोलिनचे थर इतके भरीव आहेत की माईक बाजूला ठेवून नुसत्या वाद्यांवर वाजवा, उभे राहतील. तसं कोणी करतच नाही. गायिकेला माईक द्या, हरकत नाही. चाळीस व्हायोलिनांपुढे चाळीस माईक कशाला?

पडदेवाला

सतरा वर्षं ध्वनिसंयोजन करतोय, म्हणून बोलतो. ड्रमसेट आला की बिनमाईकचे व्हायोलिन मेले म्हणून समजा. त्यातला एक स्नेअर ड्रम अख्ख्या तंतुवाद्यांच्या ताफ्याला गिळतो. माईक हौस म्हणून लावत नाही कोणी. शिवाय तुमच्या लाडक्या हॉलमध्ये पडदे आणि कापडी झालरी खाली सोडून घुमारा कमी करायची सोय पहिल्यापासून असते, कारण बांधणाऱ्यांना माहीत होतं की तिथे स्पीकरही लागणार. हॉल फक्त माहलरसाठी बांधला ही भक्तांची समजूत.

पण पुढे बसलेल्या गायकाच्या मॉनिटरमधून, म्हणजे त्याला स्वतःला ऐकू यावं म्हणून ठेवलेल्या स्पीकरमधून, इतका आवाज येतो की मागचे वादक एकमेकांना ऐकूच शकत नाहीत, ही तक्रार खरी आहे. त्यावर उपाय आहेत, पैसे लागतात.

बेसूर_बापू

म्हणजे पैसे मिळवायला कार्यक्रम, आणि तो नीट करायला पैसे.

फोर्टची_मैत्रीण

मुंबईचं चित्र उलटं आहे, म्हणून सांगते. एनसीपीए या इथल्या कलाकेंद्राचा सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया २००६ मध्ये सुरू झाला. वर्षात दोन छोटे हंगाम, बहुतेक निखळ पाश्चात्त्य शास्त्रीय, आणि बरेच वादक कझाकस्तानातून आणि युरोपातून येणारे. वाजवतात उत्तम. पण गिरगावातल्या किती जणांना तो आपला वाटतो? मला तरी त्यांचं खरं काम झाकीर हुसेन यांच्याकडून २०१५ मध्ये तबला आणि ऑर्केस्ट्रासाठी नवी रचना करून घेतली, तेच वाटतं. २०१९ च्या ब्रिटन दौऱ्यावर तीच नेली. शास्त्रीय की लोकप्रिय यावर भांडण्यापेक्षा पत्रकात नवं काय लिहून घेतलंय ते पाहा.

नाना_सदाशिव

नव्या रचनेला तिकिटं खपत नाहीत बाई, रसिकाताईंना विचारा.

रसिका_ठाणे

झाकीरभाईंच्या नावावर खपतात. आणि नाना, तुमच्या सोवळ्या ऑर्केस्ट्राचा जन्म कुठला ते बघा. १९२० मध्ये बर्मिंगहॅममध्ये पहिली तालीम झाली पोलिसांच्या बँडच्या खोलीत आणि पहिली मैफल नाटकाच्या थिएटरात, रविवारच्या मैफलींच्या मालिकेत. इंग्रज संगीतकार एडवर्ड एल्गार आपल्या रचना घेऊन टाऊन हॉलमध्ये आले ते दोन महिन्यांनी, नोव्हेंबरात. आधी रविवारची गर्दी, मग एल्गार. त्यामागे पालिकेचा पैसा होता आणि पुढे पंतप्रधान झालेल्या नेव्हिल चेंबरलेनसारख्यांचा आग्रह. आता त्याच पालिकेनं हात काढून घेतला, तर पुन्हा रविवारच्याच गर्दीकडे जावं लागणार.

मिडलँडकर

रविवारच्या त्या मैफलीत स्पीकर नव्हते, रसिकाताई. माझा मुद्दा तिथेच आहे. या वर्षीही सिनेमाच्या संध्याकाळी मी मुलीला दारात सोडून परत येणार.

पडदेवाला

आत येऊन एकदा मिक्सरजवळच्या खुर्चीवर बसा, मग शिव्या द्या.

मडगावचो

आणि माहलरला कुठे बसता बाब? आमचा भाचा तिथे शिकतो. तो म्हणतो, गायकवृंद नसेल त्या दिवशी ऑर्केस्ट्रामागच्या खुर्च्या विकतात, स्वस्त पडतात, आणि कंडक्टरचा चेहरा समोर.

मिडलँडकर

भाच्याला सांगा, तिथे हॉर्न ही पितळी वाद्यं कानाशी येतात आणि व्हायोलिनं लांब जातात. वरच्या गॅलरीत मधोमध घे म्हणावं.