मुनव्वर शाहने तुरुंगात कबुली लिहिली होती ना, मग फाशीबद्दल तुम्हाला काय वाटतं?

शिरीष_क
जोशी-अभ्यंकर खटल्याचं नाव घरात निघालं की मोठ्यांचा आवाज खाली जायचा, आम्हा पोरांना कोणी काही सांगायचं नाही, आता स्वतःच शोधून वाचतोय. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७, पुण्यात दहा खून, आणि करणारे कोण तर अभिनव कला महाविद्यालयातली पोरं. २७ नोव्हेंबर १९८३ ला येरवड्यात चौघांना फाशी झाली, राजेंद्र जक्कल, दिलीप सुतार, शांताराम जगताप, मुनव्वर शाह. मी अडकलोय ते मुनव्वरपाशी. त्याने आत बसून स्वतःची कहाणी लिहिली, गुन्हा कबूल केला. पकडल्यापासून फासापर्यंत साडेसहा वर्षं गेली. एवढ्यात माणूस खरंच बदलला असेल तर फासावर गेला तो कोण? तो काळ कोणी पाहिलाय का?

माधवी_ताई
मी पाहिलाय, सातवीत होते. दिवेलागण झाली की रस्ते ओस, आणि बेल वाजली की आई आधी खिडकीतून बघायची, ओळखीचा आवाज आला तरी लगेच दार उघडायची नाही. ३१ ऑक्टोबरला जोशींच्या घरातले तिघं गेले आणि महिना होतो न होतो तोच १ डिसेंबरला भांडारकर रस्त्यावर काशिनाथशास्त्री अभ्यंकर. संस्कृत व्याकरणाचा कोश केलेला ऐंशीच्या पुढचा म्हातारा माणूस हो, आणि त्यांची बायको, दोन नातवंडं, घरकामाची बाई, सगळे नायलॉनच्या दोरीने गळा आवळून.
पण शिरीष, तू लिहिण्याबद्दल बोलतोयस म्हणून सांगते. पहिला खून प्रकाश हेगडेचा, तो यांच्याच कॉलेजातला. त्याच्याकडून आधी वडिलांना चिठ्ठी लिहून घेतली की मी घर सोडून जातोय, आणि मग मारलं. मुनव्वरला मनातलं लिहायला वर्षं मिळाली. प्रकाशचं शेवटचं लिहिणं ती चिठ्ठी, तीसुद्धा दुसऱ्यांनी सांगितलेली. मला त्याच्या वडिलांचाच विचार येतो, ते अक्षर मुलाचंच होतं ना.

वकील_नाशिक
कायद्याचं थोडं सांगतो. सत्र न्यायालयाने २८ सप्टेंबर १९७८ ला फाशी सुनावली, ती हायकोर्टाने कायम केल्याशिवाय अंमलात येत नाही, तिथे एप्रिल १९७९ मध्ये कायम झाली, सुप्रीम कोर्टात नोव्हेंबर १९८० मध्ये अपील फेटाळलं. त्याच वर्षी मे महिन्यात बच्चन सिंग निकाल आला होता, दुर्मिळातल्या दुर्मिळ प्रकरणातच फाशी, आणि आरोपी सुधारू शकतो का हेही बघायचं असं त्यात स्पष्ट म्हटलंय. म्हणजे शिरीषचा प्रश्न कायद्यालाही पडलेलाच आहे. पण कोर्ट ते शिक्षा ठरवताना बघतं. नंतर कोठडीत माणूस बदलला तर ते सांगायची जागा मुख्यतः दयेचा अर्ज, आणि तो यांचा नामंजूर झाला. अर्ज फार रखडला तर शिक्षा जन्मठेपेवर येऊ शकते हे पक्कं झालं २०१४ च्या शत्रुघ्न चौहान निकालात, अर्ज फेटाळल्याचं कळवल्यावर फाशीपूर्वी किमान १४ दिवस द्यायचे हेही त्यातलंच. यांना त्याचा काय उपयोग, तीस वर्षं उशिरा.

रानवारा
ताई, तुमचं वाचून पोटात गोळा आला तरी मी फाशीच्या विरोधातच आहे. बदलला म्हणून सोडा असं नाही म्हणत, जन्मभर आत ठेवा. पण यांच्यातलाच एक जण पहिल्या खुनात होता आणि माफीचा साक्षीदार होऊन सुटला. त्याच्याशिवाय केस उभी राहणं अवघड होतं, मान्य, पण मग जगायचं कोणी हे पोलिसांना कोणाची साक्ष लागली त्यावर ठरलं की नाही?

माधवी_ताई
पुढचे नऊ खून त्याने केले नव्हते. फरक आहे. फाशी झाली त्या दिवशी आमच्याकडे कोणाला आनंद वगैरे झाला नाही, बाबांनी पेपर वाचला, घडी घालून ठेवला आणि म्हणाले, मुलं पंचविशी-तिशीतली होती गं.

शिरीष_क
ताई, चिठ्ठीचं मला माहीतच नव्हतं. मी मुनव्वरचं वाचताना तो बदलला का एवढंच शोधत होतो. आता परत पहिल्यापासून वाचतो, हेगडेचा भाग आला की तिथे तो काय लिहितो आणि काय टाळतो ते बघायचंय.