नाताळचं झाड आणि भेटी आणणारा पाहुणा: तुमचे अनुभव

नाताळच्या भेटी सांताक्लॉजच आणतो, हे आपल्याकडे जाहिराती आणि शाळांच्या कार्यक्रमांनी पक्कं करून टाकलंय. प्रत्यक्षात कोण आणतो आणि कोणत्या रात्री, ते देशागणिक बदलतं. झाड मात्र मूळचं ऱ्हाइनकाठचं. स्ट्रासबुर्गमध्ये लोक घरात फर हे सूचिपर्णी झाड उभं करून त्याला कागदी गुलाब, सफरचंदं आणि मिठाई टांगतात, अशी १६०५ ची नोंद आहे. परदेशात असो वा इथे, तुम्ही जवळून पाहिलेला नाताळ लिहा. मॉलमधले फोटो नकोत.

मिरीमसाला, उट्रेख्त

इथली खरी धामधूम ५ डिसेंबरच्या संध्याकाळी. सिंटरक्लास म्हणजे मायराचा बिशप संत निकोलस. मायरा आजच्या तुर्कस्तानात, पण डच मुलांच्या लेखी तो स्पेनहून बोटीने येतो आणि नोव्हेंबरात त्याचं आगमन टीव्हीवर थेट दाखवतात. लेक रात्री बुटात घोड्यासाठी गाजर ठेवते. सकाळी गाजर गायब, जागी तिच्या नावाच्या आद्याक्षराचं चॉकलेट.

मोठ्यांचा खेळ मला जास्त आवडतो. चिठ्ठ्या टाकायच्या, ज्याचं नाव येईल त्याला भेट द्यायची आणि सोबत त्याची यथेच्छ टर उडवणारी कविता, खाली सही सिंटरक्लासची! ती ज्याची त्यानेच मोठ्याने वाचायची असते. माझ्या ‘पाचच मिनिटांत पोचते’वर लांबलचक काव्य झालं होतं. लिहिणाऱ्याचा संशय आहे, पुरावा नाही.

सिंटरक्लासचा मदतनीस पीट, त्याचं तोंड काळं रंगवण्यावरून इथे बरीच वर्षं वाद झाले. आता बहुतेक ठिकाणी गालावर काजळीचे पट्टे ओढलेले पीट दिसतात. बरं झालं.

कलमवाला, म्युनिक

आमच्या घरमालकीणबाईंकडे २४ तारखेला दिवसभर बैठकीची खोली बंद. आत झाड सजतं, तिन्हीसांजेला घंटी वाजते, मग दार उघडतं. भेटी ठेवून गेलेला असतो ख्रिस्टकिंड, म्हणजे बाळ येशू. भेटी संतांच्या नावाने द्यायची चाल प्रॉटेस्टंट पंथाचा प्रवर्तक मार्टिन ल्यूथरला नको होती, म्हणून त्याने हे काम बाळ येशूकडे वळवलं असं सांगतात. आज चित्र उलटं आहे: ख्रिस्टकिंड कॅथलिक बव्हेरियाने सांभाळलाय आणि प्रॉटेस्टंट उत्तरेत दाढीवाला वाइनाख्ट्समान येतो. बाई म्हणाल्या, “उत्तरेकडच्यांना कशाचंच काही नसतं.”

घरी कोकणात आंब्याची बाग, त्यामुळे झाडाची चौकशी केल्याशिवाय राहवलं नाही. विकतात तो बहुतेक नॉर्डमान फर. बी मोठ्या प्रमाणात जॉर्जियातल्या डोंगरांतून येतं, लागवड डेन्मार्क-जर्मनीत होते आणि माणसाच्या उंचीचं झाड व्हायला आठ-दहा वर्षं लागतात. सहा जानेवारीनंतर तेच झाड फुटपाथवर पडलेलं! कलमं करणाऱ्या घरातल्या माणसाला ते बघवत नाही.

बोळिंजकर, वसई

आमच्या लहानपणी झाड म्हणजे किनाऱ्यावरच्या सुरूची फांदी. पत्र्याच्या डब्यात वाळू भरून ती रोवायची आणि बर्फ म्हणून कापूस. पोरांचा सगळा जीव मात्र येशूजन्माच्या देखाव्यातल्या गोठ्यात. भेट म्हणजे नवे कपडे, संपलं. सांता टीव्हीमागून आला. खरी देवाणघेवाण ताटांची. दिवाळीला शेजारच्या घरून फराळ आलेला असतो, ते ताट रिकामं कसं पाठवणार?

दोदोलप्रेमी, मडगाव

वरच्याशी सहमत. आमच्याकडे या ताटाला कोन्सुआद म्हणतात. नेवऱ्या, दोदोल, कुलकुल. थरावर थर भाजून केलेली बेबिंका आली तर ते घर जवळचं समजायचं.

टेम्सकाठी, लंडन

ट्रफाल्गर चौकातलं झाड ही ऑस्लोची भेट. दुसऱ्या महायुद्धात नॉर्वेचा राजा आणि सरकार लंडनमध्ये आश्रयाला होतं, त्या कृतज्ञतेपोटी १९४७ पासून दरवर्षी स्प्रूस येतो. आणि फुकटात आलेला तो स्प्रूस विरळ आहे म्हणून लंडनकर नाकं मुरडतात.

रोपवाटिका, पुणे

आपल्या नर्सरीत ‘ख्रिसमस ट्री’ म्हणून कुंडीत मिळतो तो अरोकेरिया, मूळ दक्षिण पॅसिफिकमधल्या बेटांचा. फरशी त्याचं जवळचं नातं नाही. नाताळ झाल्यावर जमिनीत लावणार असाल तर इमारतीपासून लांब लावा. चौथ्या मजल्यापर्यंत जातो, आणि मग सोसायटीची मीटिंग लागते.